गॅसवाल्यांचा नियम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. खून नाही, चोरी नाही, कुणाचं घर मोडलेलं नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची आहे. तीन इंच. तीन इंचांचा कसला आलाय कबुलीजबाब, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच म्हणत आले.

आधी आईंबद्दल सांगते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. उंची चार फूट नऊ इंच, आणि तीही अंबाडा घट्ट बांधला असेल तर. मूळच्या राजापूरकडच्या, लग्न होऊन मुलुंडला आल्या त्याला आता साठ वर्षं होत आली, पण बोलण्यातलं ‘अगो’ काही गेलं नाही. आणि मी? पाच फूट सात. आमच्या लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, सून आणली की शिडी. आई तिथल्या तिथे म्हणाल्या, “बरं झालं, माळ्यावरचे डबे काढायला माणूस मिळालं.” मी हसले, सगळे हसले. माझ्या उंचीवरून पुढे कुणी बोललं नाही. त्या एका वाक्यानं त्यांनी मला वाचवलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही सासुरवासाचा हिशेब मांडायला लागाल. तसला काही हिशेब नाही. मी घाटकोपरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, यायला उशीर व्हायचा. माझ्यासाठी तव्यावर एक तांदळाची भाकरी ठेवलेली असे — शेवटची, थोडी जास्त भाजलेली, कारण मला तशी आवडते हे त्यांनी पहिल्याच महिन्यात हेरलं होतं. आईंची भाकरी म्हणजे काय सांगू! उकड मळून, पाण्याचा हात घेऊन थापायच्या, मनगट असं भराभर फिरायचं की भाकरी परातीत आपोआप गोल होत जायची. तव्यावर टाकली की टम्म फुगायची. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या भाकरीचा वास जिन्यापर्यंत यायचा आणि तळमजल्याच्या नलूताई काहीतरी निमित्त काढून वर यायच्या.

मग माझं काय दुखत होतं? पाठ, हे पहिलं उत्तर. जुना ओटा काळ्या कडप्प्याचा, सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हाचा, आईंच्या मापाचा. कणीक मळताना मी त्यावर कमानीसारखी वाकायची. पण पाठ हे खोटं उत्तर आहे — म्हणजे दुखत होती, पण त्यासाठी मी हे केलं नाही. खरं कारण सांगायला लाज वाटते, इतकं ते क्षुल्लक आहे. लग्नानंतर वर्षभराने मी एकदा सगळे डबे माझ्या पद्धतीने लावले. डाळी एका फळीवर, मसाले हाताशी. आई ‘छान’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर सगळे डबे पुन्हा आपापल्या जुन्या जागी. रागानं नाही हो. सवयीनं. पहाटे चहा करता करता त्यांच्या हातांनी ते परत नेऊन ठेवले होते, त्यांना बहुतेक पत्ताही नव्हता.

मला वाटलं, या खोलीत मी पाहुणी आहे. किती गोड वागतात पाहुण्यांशी, नाही का? शेवटची भाकरीसुद्धा ठेवतात.

पुढच्या दोन वर्षांत कडप्प्याला भेग गेली, सिंकखाली ओल धरली, आणि सोसायटीत पाइपचा गॅस येणार असं ठरलं. सगळं स्वयंपाकघरच नवं करू, असं माझा नवरा विलास म्हणाला. आई म्हणाल्या, “बाहेरचा माणूस कशाला? आपल्या घरात शिकलेली आहे ना. तीच काढेल नकाशा.” माझ्याकडे त्यांनी अशा कौतुकाने पाहिलं की मला ते आत्ताही दिसतं.

मापं घेतली तो रविवार. विलास बाजारात गेला होता. मी टेप, पेन्सिल, कागद घेऊन उभी, आणि आईंनी पुरणपोळ्या करायच्या असल्यासारखा पदर खोचलेला. “मी टोक धरते,” त्या म्हणाल्या. टेपचं टोक त्यांनी भिंतीला अंगठ्याने असं दाबून धरलं की मी माप लिहून घेतलं तरी सोडेनात. “झालं आई, सोडा.” “नक्की झालं? नाहीतर म्हणशील, आईंनी टोक हलवलं.” टेपवर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. खिडकीपासून भिंतीपर्यंत मी मोजलं की त्या मागून विती टाकत यायच्या — चार विती आणि चार बोटं — मग मान डोलवायच्या, “बरोबर आहे तुझी टेप.” गॅस कुठे, सिंक कुठे, फ्रीजचं दार कुठल्या बाजूला उघडेल, मिक्सरचा प्लग कुठे, मी कागदावर रेघा ओढत होते आणि त्या माझ्या खांद्याशी, खरं तर माझ्या कोपराशी, उभ्या राहून बघत होत्या. आमच्या दोघींचा त्या घरातला सगळ्यात आनंदाचा दिवस तो असावा.

मग ओट्याची उंची. त्याची रीत साधी आहे. माणसाला सरळ उभं करायचं, हात कोपरात वाकवायला सांगायचं, कोपर जमिनीपासून किती ते मोजायचं आणि त्यातून पाच-सहा इंच वजा करायचे. ऑफिसात मी हे परक्या बायकांसाठी कितीदा केलं होतं. आई लाटणं हातात घेऊन उभ्या राहिल्या — खोटं खोटं लाटायचं कसं, खरं काहीतरी हातात हवं. त्यांचं माप आलं. तीस इंच, जुन्या ओट्याइतकंच. मग म्हणाल्या, “आता तुझं.” मी नको म्हणत होते. त्या खाली बसल्या, माझ्या पायाशी, आणि टेपचं टोक लादीला अंगठ्याने दाबून धरलं. माझं आलं छत्तीस.

“मधलं काढ,” त्या म्हणाल्या. “मी थोडे हात उचलीन, तू थोडी वाक. म्हणजे झालं.”

ऐकलंत ना? मी मागितलं नव्हतं, त्यांनी आपणहून दिलं होतं. ज्या ओट्याशी त्यांनी चाळीस वर्षं काढली त्याचा अर्धा वाटा त्यांनी मला लादीवर उकिडवं बसल्या बसल्या देऊन टाकला. तेहतीस. इतका सोपा आकडा. मी मान डोलावली.

आणि नकाशात छत्तीस लिहिलं.

का? चूक झाली नाही, हात घसरला नाही. मी ड्राफ्ट्समन आहे, आकडा लिहिताना माझा हात घसरत नाही. मला अर्धा वाटा नको होता. मला वाटलं, एवढा उंच ओटा झाला की आई आपसूक थोड्या मागे होतील. बाहेर बसून भाजी निवडतील. मी म्हणेन, तुम्ही आराम करा, आणि लोक म्हणतील, सून किती करते बघा. हे सगळं मी इतकं स्पष्ट मनात म्हटलं नव्हतं. पण पेन्सिलीला ठाऊक होतं.

मिस्त्रीने भिंतीवर खडूची रेघ मारली तेव्हा आई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. रेघ थेट त्यांच्या कोपराशी आली. “अगो, एवढा उंच? मधलं म्हणालो होतो ना आपण?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आई, पाइपचा गॅस येतोय ना. गॅसवाल्यांचा नियम आहे. छत्तीसच्या खाली चालत नाही.”

असा नियम नाही. तेव्हाही नव्हता, आताही नाही.

आता तुम्हाला आईंबद्दल आणखी एक गोष्ट माहीत हवी. सासरे महापालिकेत कारकून होते आणि नियम हा त्या घरात देवघराच्या जरा खाली, पण बाकी सगळ्याच्या वर होता. ओला कचरा, सुका कचरा, रांग, पावती. नियम आहे म्हटलं की आई विषय मिटवत. मला हे माहीत होतं. म्हणून तर तोच शब्द सुचला. “नियम आहे होय? मग काय करणार,” त्या म्हणाल्या, आणि रेघेवर हात ठेवून अंदाज घेऊ लागल्या.

त्या मागे झाल्या नाहीत. हे माझ्या गणितात नव्हतं. ग्रॅनाइट बसलं, पूजा झाली, आणि दुसऱ्या सकाळी आईंनी माळ्यावरचा जुना सागवानी पाट मला काढायला लावला — हो, मलाच, शिडीला — आणि ओट्यासमोर ठेवला. पाटावर माणूस बसतो, त्याला पाय लावायचा नाही, म्हणून त्याला नमस्कार करून वर चढल्या. “लग्नात उभी राहिले होते पाटावर,” मला म्हणाल्या. “तेव्हा समोर अंतरपाट होता, आता कुकर आहे.” आणि स्वतःच इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. रोज सकाळी आधी नमस्कार, मग चढणं. गॅसकडून सिंककडे जायचं तर उतरायचं, पाट सरकवायचा, पुन्हा नमस्कार, पुन्हा चढायचं. पाटाची उंची किती होती? मी कधी मोजली नाही. मला माहीत होती.

आणि तो नियम! तो तर बिल्डिंगभर गेला. आईंनी कळकळीने सगळ्यांना सांगितलं, बायांनो, ओटा करताना लक्ष ठेवा, नाहीतर मागाहून फोडावा लागेल. नलूताई आईंपेक्षाही बोटभर बुटक्या. त्यांनी पुढच्या दिवाळीआधी ओटा केला आणि मिस्त्री नको म्हणत असताना छत्तीसचा करून घेतला. त्या स्टुलावर उभ्या राहून फोडणी देत. जिन्यात भेटल्या की म्हणत, “काय गं बाई, नियम करणारे सगळे उंचच असतात का?” मी हसायची. काय करणार होते दुसरं?

तेव्हा सांगता आलं असतं, नाही का? हसत हसत. आई, अहो, गंमत केली होती. त्या एक धपाटा घालून मोकळ्या झाल्या असत्या. पण नलूताईंचा ओटा झाला होता ना. आता सांगायचं तर दोन घरांत सांगायला लागणार होतं. खोटं बोलणं सोपं असतं हो, ते परत गोळा करणं कठीण.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग एका सकाळी मी आंघोळीला गेले असताना धप्प आवाज झाला. तांदूळ धुतलेलं पाणी लादीवर सांडलं होतं, पाट सरकला होता, आणि आई त्याच्या शेजारी बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून. मला पाहिल्यावर पहिलं वाक्य काय असावं? “गॅस बंद कर आधी.”

मनगट मोडलं होतं. आमच्या भागातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, बोलघेवडा. कसं पडलात आजी, विचारू लागला. “पाटावरून,” आई म्हणाल्या. दुखण्याने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी समजावून सांगत होत्या. “ओटा उंच आहे ना. गॅसवाल्यांचा नियम.” डॉक्टरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “असा नियम आहे?”

आईंचा हात माझ्या हातात होता. चांगला असलेला, डावा.

मी म्हणाले, “हो.”

पहिल्या वेळी तोंडातून निघून गेलं असं म्हणता येईल. या वेळी विचारलं होतं, समोर, सरळ. आणि माझ्याकडे उत्तर द्यायला भरपूर वेळ होता. तुम्हाला हे सांगायला बसले ते खरं म्हणजे या एका ‘हो’साठी.

हाड जुळलं, पण मनगट पुन्हा पूर्ण वळलं नाही. हात वर होतो, चमचा धरता येतो, जपाची माळ ओढता येते. भाकरी थापता येत नाही. विलासने एकदा विचारलं, ओटा खाली करून घेऊ या का. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाल्या, “नियमात बसत नाही रे.” मग सकाळी पोळ्यांना बाई ठेवली. आई बाहेरच्या खोलीत बसून भाजी निवडू लागल्या. मी डबे माझ्या पद्धतीने लावले आणि ते तसेच राहिले. मला हवं होतं ते अगदी नकाशाबरहुकूम मिळालं.

आणि सांगू? त्या ओट्याशी मी कधी रमले नाही. सरळ पाठीने उभी राहायची आणि मागे वळून पाहायची, कुणी आहे का. आईंची भाकरी आमच्या घरातून गेली. मी करून पाहिली, चिरते. त्या बाहेरून आवाजावरून सांगायच्या, “पाणी कमी पडलं गो.” मला रडू यायचं, आणि त्यांना वाटायचं, भाकरी जमत नाही म्हणून.

गेल्या पावसाळ्यानंतर सिंकखालची पाइपलाइन पुन्हा गळू लागली. मिस्त्री म्हणाला, सगळं फोडावं लागेल. म्हणजे पुन्हा टेप, पेन्सिल, कागद. एका दुपारी मी आईंना हाक मारली. त्या काठी टेकत आल्या आणि काठी बाजूला ठेवून म्हणाल्या, “दे, टोक धरते.” डाव्या अंगठ्याने धरलं. अजून तसंच घट्ट. विती टाकायला मात्र गेल्या नाहीत, उजवा तळहात आता भिंतीवर सपाट बसत नाही.

मी म्हटलं, आई, सरळ उभ्या राहा, कोपर वाकवा. “माझं कशाला मोजतेस? मी काय करणार आता ओट्याशी?” तरी उभ्या राहिल्या. लाटणं मागितलं, मी दिलं. कोपर पहिल्यापेक्षा खाली आलं होतं. माणूस म्हातारपणी इतकं लहान होतं? मी त्यांच्या पायाशी बसले होते, टेप माझ्या हातात होती, आणि घरात आम्ही दोघीच. सांगायला याहून चांगली वेळ कुठली असणार होती? ओठांपर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं.

आणि मी म्हणाले, “आई, नियम बदलला. आता ओटा खाली ठेवायला सांगतात. तुमच्या मापाचा.”

ऐंशीच्या घरातल्या बाईला आता कशाला त्रास द्यायचा, असंही मी नंतर स्वतःला म्हणून पाहिलं. म्हणायला छान वाटतं. खरं नाही. मला त्यांचा चेहरा बदललेला पाहायचा नव्हता, इतकंच.

चेहरा बदलला, पण वेगळा. आधी फुलला. “अखेर शहाणपण सुचलं म्हणायचं!” लगेच नलूताईंना फोन, अगो नियम बदलला, स्टूल फेकून दे. मग फोन ठेवला आणि माझ्याकडे, खालून वर, बघत राहिल्या. कपाळाला आठी. “आणि तुझं काय? तू कशी करशील एवढ्या खाली?” मी म्हटलं, करीन. “करीन काय? पाठ जाईल तुझी. उंच माणसांचा विचारच केला नाही का त्यांनी? बुटक्याला पाट असतो गो. उंचानं काय करायचं?” संध्याकाळी विलास आल्यावर त्याला कागद घ्यायला लावला. गॅसवाल्यांना अर्ज लिहायचा होता, आमच्या सुनेची उंची जास्त आहे, तरी तिच्यापुरती सवलत द्यावी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नियमाविरुद्ध जायचं होतं. मी म्हटलं, राहू दे आई, ऐकणार नाहीत ते.

ओटा झाला. एकोणतीस इंचाचा, ‘मधला’ नाही. पाट पुसून माळ्यावर ठेवला. आई रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं लादीवर दोन्ही पाय टेकून तिथे उभ्या राहतात, डाव्या हाताने भाकरी थापतात. वेडीवाकडी होते, कडेला चिरते, फुगत नाही. शेवटची माझ्यासाठी, जास्त भाजलेली. आणि मी कणीक मळायला वाकले की गॅसवाल्यांना शिव्या घालत माझ्या पाठीवरून हात फिरवतात. उजवा हात. तो वळत नाही, म्हणून नुसता वरून खाली, वरून खाली, जातो. मी वाकून मळत राहते.